उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना : लीला चिटणीस आणि शांता हुबळीकर



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, नाट्यसंगीत, सीमाभागातली मराठी अशा विषयांवर जाणकारांनी बोलायचे असा रिवाज. यंदा तुम्ही एका होमिओपॅथिक डॉक्टरला माईकसमोर उभे केले आहे आणि त्याने विषय घेतला आहे सिनेमाचा. तेव्हा आरंभी दोन शब्द खुलाशाचे.

आपल्या घरांतून सध्या काय चालते ते तुम्हाला ठाऊक आहे. रात्रीची झाकपाक झाली की सुना आणि नाती कोरियन मालिका लावून बसतात. भाषा कळत नाही, खालच्या ओळी वाचून काम भागते, आणि तरी डोळ्यांना पदर लागतोच. विषय ठरवताना एका भगिनींनी सुचवले, "डॉक्टर, एखाद्या कोरियन अभिनेत्रीवरच बोला, म्हणजे तरुण मंडळीही येतील." सूचना चांगली होती. मी शोधू लागलो आणि एका नावापाशी थांबलो. यून यो-जंग.

या बाईंचा जन्म १९४७ चा. किम की-यंग नावाच्या दिग्दर्शकाच्या 'वूमन ऑफ फायर' या चित्रपटात १९७१ मध्ये त्या प्रथम मोठ्या भूमिकेत दिसल्या. एका घरात कामाला आलेली आणि ते घर उलटेपालटे करणारी मोलकरीण त्यांनी त्यात केली. पुढे लग्न करून अमेरिकेला गेल्या, दोन मुलगे झाले, संसार मोडला, आणि परत येऊन मिळेल ते काम त्यांनी स्वीकारले. २०१० च्या 'द हाउसमेड'मध्ये त्या घरातली मुरलेली, सगळे पाहून गप्प राहणारी वयस्क मोलकरीण आहेत. २०१६ च्या 'द बॅकस लेडी'मध्ये पोटासाठी शरीरविक्रय करणारी म्हातारी आहेत. २०२० च्या 'मिनारी'मध्ये कोरियाहून बिया आणून अमेरिकेतल्या ओढ्याकाठी भाजी लावणारी आजी आहेत. या आजीच्या भूमिकेसाठी २०२१ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, त्यांना ऑस्कर मिळाले. ते हाती घेताना त्यांनी आपल्या दोन मुलांचे आभार मानले, कारण त्यांच्यामुळेच आपण घराबाहेर पडून काम केले, असे त्यांचे म्हणणे होते.

हे वाचताना मला वाटले, ही गोष्ट तर आपल्या ओळखीची आहे. मोडलेला संसार, पदरात मुले, मिळेल ती भूमिका, नायिकेपासून आजीपर्यंतचा प्रवास आणि मध्ये अमेरिका. अशी एक बाई धारवाडात जन्मली होती. आणि तिच्याच पिढीतली, तिच्याइतकीच मोठी दुसरी बाई हुबळीजवळच्या एका खेड्यात जन्मली होती. म्हणून कोरियाचा रस्ता घेऊन मी आपल्याच जुळ्या शहरांत परत आलो. आज मी लीला चिटणीस आणि शांता हुबळीकर यांच्या वेगवेगळ्या जातींच्या चित्रपटांबद्दल बोलणार आहे.

लीलाबाई माहेरच्या नगरकर. त्यांचा जन्म १९०९ मध्ये धारवाडला झाला असे सामान्यतः धरले जाते. वडील इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक, घरातले वातावरण सुधारकी. शांताबाईंचा जन्म १९१४ चा, हुबळीजवळच्या अदरगुंचीचा. मूळ नाव राजम्मा, घरची भाषा कन्नड, आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपलेले. गाणे मात्र मिळाले, तेही किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांकडून आलेले. शांताबाईंपेक्षा एकच वर्षाने मोठ्या असलेल्या गंगूबाई हनगलही धारवाडातच जन्मल्या, हे आठवले म्हणजे त्या काळी या मातीत काय पिकत होते त्याची कल्पना येते. एक प्राध्यापकाची पदवीधर मुलगी, दुसरी गदगच्या नाटक कंपनीच्या आधाराने उभी राहिलेली अनाथ मुलगी. दोघी एकाच परिसरातल्या, पण सामाजिक अंतर एवढे की एरवी एकमेकींच्या घरी हळदीकुंकवालाही गेल्या नसत्या.

धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत ते तसेच होते. नोकरी, शिक्षण, नाटक यांसाठी पुण्या-मुंबईकडे आणि कोल्हापूरकडे जाणे ही इथली रोजची वाट होती. आपल्यातल्या कितीतरी घरांची हीच कथा आहे. या दोघीही त्याच वाटेने गेल्या.

त्यांची आज आपल्याला आठवण कशी आहे? लीला चिटणीस म्हटले की पांढरी साडी, डोक्यावर पदर, खोकणारी, रडणारी आणि मध्यंतराच्या आसपास डोळे मिटणारी आई. शांता हुबळीकर म्हटले की 'कशाला उद्याची बात' हे एक गाणे. एकीचे सारे आयुष्य एका खोकल्यात बसवले, दुसरीचे एका गाण्यात. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे की हे माप खोटे आहे, आणि ते खोटे का हे त्यांचे चित्रपट एकाशेजारी एक ठेवून पाहिले की कळते.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. होमिओपॅथीत खोकल्याला एकच औषध नाही. शंभर रोगी खोकत आले तर आम्ही शंभर वेळा विचारतो : रात्री वाढतो की पहाटे? झोपल्यावर की बोलताना? गरम पाण्याने बरे वाटते की गार? त्याआधी घरात काय घडले होते? याला आम्ही लक्षणांची समष्टी म्हणतो. खोकला तोच असला तरी माणूस वेगळा असतो. आमच्या जैन विचारात यालाच अनेकांत म्हणतात : वस्तूला अनेक बाजू असतात, एका बाजूवरून पूर्ण निर्णय देऊ नये. नट-नट्यांच्या बाबतीत हे विशेष लागू पडते, कारण त्यांचे कामच मुळी अनेक माणसे होण्याचे.

आता लीलाबाईंची 'केस' उलगडून पाहू.

लहान वयात एका डॉक्टरांशी लग्न झाले, चार मुलगे झाले, आणि पुढे पतिपत्नी वेगळी झाली. लीलाबाईंनी शाळेत शिकवले, आणि 'नाट्यमन्वंतर' या त्या वेळच्या नव्या विचारांच्या संस्थेच्या नाटकांतून कामे केली. इब्सेन-शॉ वाचणाऱ्या मंडळींची ती संस्था. पुढे त्यांनी सॉमरसेट मॉमच्या 'द सेक्रेड फ्लेम' या नाटकाचे मराठी रूपांतरही केले. म्हणजे सिनेमात येणारी ही बाई वाचणारी, लिहिणारी होती.

१९३६ मध्ये कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सच्या 'छाया'त त्या आल्या. कथा वि. स. खांडेकरांची, दिग्दर्शन मास्टर विनायकांचे. गरिबीने एका घराची कशी धूळधाण होते त्याचे चित्र, म्हणजे सामाजिक शोकांतिका. पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, प्रभातच्या 'वहाँ'मध्ये त्या प्राचीन आर्य आणि इथले मूळ रहिवासी यांच्या संघर्षाच्या भव्य चित्रपटात आहेत, शांता आपटे आणि चंद्रमोहन यांच्या बरोबर. आणि त्याच वर्षी 'जंटलमन डाकू'मध्ये पुरुषी वेश करून फिरणारी सफाईदार चोर! त्या चित्रपटाच्या जाहिरातीत त्यांचा उल्लेख महाराष्ट्रातली पडद्यावर आलेली पहिली पदवीधर, प्रतिष्ठित घरातली स्त्री असा केला होता. जरा विचार करा. पदवी दाखवायची ती चोराच्या भूमिकेची जाहिरात करताना. त्या काळचा निर्माता चतुर होता आणि आपला समाज भाबडा होता.

१९३९ मध्ये रणजित मूव्हीटोनच्या 'संत तुलसीदास'मध्ये त्या तुलसीदासांची पत्नी रत्नावली आहेत आणि विष्णुपंत पागनीस तुलसीदास. म्हणजे तीन-चार वर्षांत सामाजिक, पौराणिक थाटाचा, मारधाडीचा आणि संतपट असे चारही प्रकार त्यांनी करून टाकले होते. त्यानंतर बॉम्बे टॉकीजचे बोलावणे आले.

'कंगन' १९३९ चा. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन हे जर्मन गृहस्थ. महायुद्ध सुरू झाले आणि चित्रपटाचे काम चालू असतानाच ब्रिटिश सरकारने त्यांना अटकेत टाकले. या चित्रपटात लीलाबाई एका पुजाऱ्याने सांभाळलेली तरुण मुलगी आहेत आणि जमीनदाराच्या मुलावर प्रेम करतात. तो मुलगा म्हणजे अशोककुमार. लीलाबाईंचे वय तेव्हा ३० होते, त्या चार मुलांच्या आई होत्या आणि नायकापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या होत्या. प्रेक्षकांना त्याचे काही वाटले नाही, कारण त्यांनी पडद्यावर पाहिली ती मुलगीच होती. त्यानंतर १९४० मध्ये 'बंधन' आणि १९४१ मध्ये 'झूला'. डोळ्यांनी बोलणे आपण लीलाबाईंकडून शिकलो, असे अशोककुमार पुढे सांगत. १९४१ मध्येच लक्स साबणाच्या जाहिरातीत त्यांचा चेहरा आला. हा मान तोवर हॉलिवुडच्या नायिकांना होता, हिंदी चित्रपटातल्या तारकेला तो प्रथम मिळाला, तो या धारवाडच्या लेकीला.

आणि मग १९४८ चा 'शहीद'. दिलीपकुमार नायक आणि लीलाबाई त्याची आई. त्यांचे वय ३९, दिलीपकुमार २६ वर्षांचे. सात वर्षांपूर्वी ज्यांच्याबरोबर त्या झुल्यावर बसल्या होत्या त्या अशोककुमारांचे काय झाले होते? १९४९ मध्ये, म्हणजे 'शहीद'च्या पुढच्याच वर्षी, ते 'महल'मध्ये मधुबालाचे नायक होते. मधुबालाचा जन्म १९३३ चा. नायकाचे वय वाढत नाही, नायिकेचे एका रात्रीत वीस वर्षांनी वाढते, हे त्या धंद्याचे गणित. कोरियातही फारसे वेगळे नव्हते आणि हॉलिवुडमध्येही नाही. आमच्या धंद्यातले वैद्यकीय ज्ञान या चमत्काराचे कारण सांगू शकत नाही!

इथून पुढच्या लीलाबाई आपल्याला एकसारख्या वाटतात. पण थांबून पाहा. 'शहीद'मध्ये नवरा सरकारी इमानदार आणि मुलगा क्रांतिकारक, या दोघांमध्ये सापडलेली ती आई आहे. नवऱ्याच्या भूमिकेत 'वहाँ'मधलेच चंद्रमोहन आहेत. १९५१ च्या 'आवारा'त न्यायाधीशाची बायको केवळ संशयावरून गरोदरपणी घराबाहेर काढली जाते, झोपडपट्टीत मुलगा वाढवते आणि शेवटी त्याच नवऱ्याच्या मोटारीखाली सापडते. तिथे ती पतिव्रता दाखवली असली तरी तिच्या गप्प राहण्यात एक आरोप आहे. १९५२ मध्ये बिमल रॉय यांच्या 'माँ'मध्ये मुलांनी टाकलेली आई आहे. १९५७ च्या 'नया दौर'मध्ये टांगेवाल्याची आई, १९६१ च्या 'गंगा जमुना'मध्ये जमीनदाराच्या घरी राबणारी आणि चोरीच्या खोट्या आळाने खचून मरणारी विधवा. श्रीमंताची बायको, शेतमजुरीण, क्रांतिकारकाची आई, टाकलेली आई. पदर तोच असेल, पण त्याखालची बाई दर वेळी निराळी आहे. बसण्याची पद्धत निराळी, हातांची सवय निराळी, मुलाला हाक मारण्याचा सूर निराळा. ज्या चौकटीत त्यांना बसवले, त्या चौकटीतच त्यांनी आपला विस्तार करून घेतला. माझ्या मते हे काम नायिकेच्या कामापेक्षा अवघड.

आता शांताबाईंकडे वळतो.

१९३४ च्या 'भेदी राजकुमार' या साहसपटात, ज्याची मराठी आवृत्ती 'ठकसेन राजपुत्र' म्हणून निघाली, त्या प्रथम पडद्यावर आल्या. प्रभातमध्ये त्यांना १९३८ चा 'माझा मुलगा' मिळाला. दिग्दर्शक होते के. नारायण काळे. लीलाबाईंचा 'वहाँ'ही काळ्यांचाच. म्हणजे लागोपाठच्या दोन वर्षांत एकाच दिग्दर्शकाच्या हाताखाली आपल्या या दोघीजणी येऊन गेल्या. 'माझा मुलगा' हा बाप आणि मुलगा यांच्या विचारांतल्या तफावतीचा, मध्यमवर्गीय घरातला चित्रपट, आणि शांताबाई त्यात शहाजोग घरातली नायिका शोभल्या. त्यानंतर १९३९ मध्ये व्ही. शांताराम यांच्या 'माणूस'मध्ये त्या मैना झाल्या.

मैना वेश्या आहे. पोलिसांच्या धाडीत गणपत नावाचा हवालदार, म्हणजे शाहू मोडक, तिला वाचवतो आणि तिच्यात गुंतत जातो. 'कशाला उद्याची बात' हे गाणे मैना वेगवेगळ्या भाषांत गाते, कारण तिच्या दाराशी येणारी गिऱ्हाइके वेगवेगळ्या मुलखांतली आहेत. आपण हे गाणे आनंदाचे म्हणून गुणगुणतो. चित्रपटात ते धंद्याचे गाणे आहे. प्रत्येकाला त्याच्या भाषेत रिझवायचे, स्वतःची भाषा मात्र कोणाला सांगायची नाही. जिची घरची भाषा कन्नड, अशा मुलीने मराठी चित्रपटात हे गाणे गावे आणि ते तिच्या नावाला कायमचे चिकटावे, यातला योगायोग हुबळी-धारवाडच्या माणसाला चटकन कळेल. आपणही बाजारात एक, दवाखान्यात दुसरी आणि देवघरात तिसरी भाषा बोलणारी माणसे आहोत.

'माणूस'मध्ये आणखी एक मजा आहे. बॉम्बे टॉकीजच्या गुळगुळीत प्रेमदृश्यांची त्यात थट्टा केली आहे. आता वर्ष पाहा : १९३९. त्याच वर्षी त्याच बॉम्बे टॉकीजमध्ये लीलाबाई 'कंगन' करत होत्या. धारवाडची मुलगी बॉम्बे टॉकीजची नवी नायिका आणि हुबळीची मुलगी बॉम्बे टॉकीजच्या शैलीची टर उडवणाऱ्या चित्रपटाची नायिका!

'माणूस'नंतर शांताबाई इकडे कन्नडमध्येही आल्या. गुब्बी वीरण्णांच्या 'जीवन नाटक' या १९४२ च्या चित्रपटात त्या नायिका होत्या. त्याच वर्षी विश्राम बेडेकरांचा मराठी 'पहिला पाळणा'ही आला. त्याच्या नावातच घरसंसार आहे. साहसपट, कौटुंबिक, वेश्येची शोकांतिका, कन्नड चित्रपट, पुन्हा घरगुती. एवढे सगळे आठ-नऊ वर्षांत. पण लोकांनी मैना धरून ठेवली आणि बाकीचे सोडून दिले.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. त्यासाठी तीन चित्रपट शेजारी ठेवावे लागतील.

'माणूस'मध्ये गणपत मैनेला आपल्या आईकडे घेऊन जातो. आई साधी, देवभोळी, प्रेमळ. ती मैनेला हाकलत नाही. उलट तिचा जिव्हाळाच मैनेला सोसत नाही. देवघर, तुळस, ती माया हे सारे पाहून या घरात आपली जागा नाही असे तिचे तिलाच वाटते आणि ती निघून जाते. पुढे तिच्या हातून मामाचा खून होतो. तुरुंगातून सुटण्याची वाट गणपत दाखवतो तीही ती नाकारते. मैनेला कोणी उंबरठ्यावर अडवले नव्हते, तो उंबरठा तिच्या मनात बांधलेला होता. शांताबाईंचा अभिनय पाहायचा तर तिथे पाहावा. गाण्यात ज्या डोळ्यांत एवढी मिश्किली आहे, तेच डोळे आईसमोर वर उठत नाहीत.

एकोणीस वर्षांनी, १९५८ मध्ये, बी. आर. चोप्रांचा 'साधना' आला. प्राध्यापक मोहनची आई मरणपंथाला लागली आहे, तिला सूनमुख पाहायचे आहे. तेव्हा पैसे देऊन एका कोठेवालीला सून म्हणून घरात आणले जाते. ती वैजयंतीमाला. आई म्हणजे आपल्या लीलाबाई. आई सुनेच्या येण्याने बरी होते, तिला जीव लावते, मग खरे कळल्यावर तिला घराबाहेर काढते आणि शेवटी स्वीकारते. म्हणजे तोच उंबरठा, तीच बाहेरची बाई आणि तीच आतली आई. १९३९ मध्ये या उंबरठ्याच्या बाहेर हुबळीची शांता उभी होती, १९५८ मध्ये आत धारवाडची लीला उभी होती. दोन निराळे चित्रपट, दोन निराळे काळ. पण आपल्या परिसरातल्या दोन बायकांनी मिळून हा एक प्रश्न दोन्ही बाजूंनी भोगून दाखवला.

तिसरा चित्रपट १९६५ चा, 'गाईड', आपल्या आर. के. नारायण यांच्या कादंबरीवरचा. राजू नर्तकीच्या घराण्यातल्या विवाहित रोझीला घरी ठेवतो. आई पुन्हा लीलाबाई. या वेळी आई रोझीला हाकलत नाही आणि स्वीकारतही नाही. ती स्वतःच घर सोडून जाते. 'साधना'तली आई बदलते, 'गाईड'मधली बदलत नाही. आणि दोन्ही वेळा त्या आईबद्दल आपल्याला राग येत नाही, कारण लीलाबाई दोघींचीही बाजू प्रामाणिकपणे उभी करतात. एकाच प्रसंगाला दोन उलट उत्तरे देणे आणि दोन्ही खरी वाटायला लावणे, याला मी अभिनयाचा विस्तार म्हणतो. वेशभूषा बदलून डाकू, राणी, भिकारीण होता येते. पण तीच पांढरी साडी नेसून दोन वेगळ्या आई होणे कठीण.

आणि हे करणारी बाई कोण? तर जिने स्वतः घटस्फोट घेतला, चार मुलांसाठी तोंडाला रंग लावला, पुरुषी वेशातला डाकू केला, १९५५ मध्ये 'आज की बात' हा चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला. प्रत्यक्षात तिने ओलांडलेला उंबरठा पडद्यावर तिला आयुष्यभर राखत बसावा लागला. तिने ते तक्रार न करता केले, कारण पोट होते आणि मुले होती.

मंडळी, हा प्रश्न फक्त सिनेमाचा असता तर मी तुमचा वेळ घेतला नसता. आपण इथे तीन-तीन, चार-चार पिढ्या राहिलेली घरे. नाट्यसंगीत आपल्याला प्रिय. किराण्याच्या गवयांच्या बैठका आपल्या वाडवडिलांनी माजघरापर्यंत ऐकल्या. पण गाणारी बाई जेवायला कोणत्या पंक्तीला बसणार, यावर त्याच वाड्यांत खल झालेला आहे. रंगमंचावर टाळ्या आणि उंबरठ्यावर प्रश्न, ही आपली जुनी रीत. शांताबाईंना संसाराने सुख दिले नाही. उतारवयात त्यांनी घर सोडले आणि वसईच्या महिलाश्रमात दिवस काढले. 'कशाला उद्याची बात' हेच नाव दिलेले त्यांचे आत्मचरित्र १९९० मध्ये निघाले आणि १९९२ मध्ये त्या गेल्या. लीलाबाईंचे आत्मचरित्र 'चंदेरी दुनियेत' १९८१ चे. पुढे त्या मुलांकडे अमेरिकेत गेल्या आणि २००३ मध्ये कनेक्टिकटमधल्या डॅनबरी इथल्या शुश्रूषागृहात वारल्या. दोघींनीही स्वतःची गोष्ट स्वतः लिहिली. 'आम्हाला एका गाण्यात आणि एका खोकल्यात बसवू नका' हे सांगायला त्यांना दुसरी कोणतीही वाट उरली नव्हती, असे मी त्याचा अर्थ लावतो.

दवाखान्यात साठीच्या पुढच्या बायका येतात. मी विचारतो, "काय त्रास होतोय?" त्या सांगू लागतात : यांची साखर वाढली, नातवाला सर्दी आहे, सुनेला झोप लागत नाही. स्वतःचे दुखणे शेवटी, उठता उठता. त्यांना मी मुद्दाम विचारतो, लग्नाआधी काय करत होतात? मग एखादी म्हणते, कब्बड्डी खेळायचे. कोणी गॅदरिंगमध्ये राजा व्हायची. कोणी पेटी वाजवायची. घरातल्या कोणालाच ते ठाऊक नसते. आपल्या घरांतही एकेक लीला चिटणीस बसलेली आहे, आणि आपण तिला चाळीस वर्षे आईच्या एकाच भूमिकेत पाहत आलो आहोत. औषध मी देतो. पण पुष्कळदा त्या चार वाक्यांनीच चेहरा हलका होतो, हे मी चाळीसएक वर्षांच्या धंद्यानंतर खात्रीने सांगू शकतो.

कोरियाने आपल्या यून बाईंना पन्नास वर्षे सगळ्या भूमिकांत पाहिले आणि म्हणूनच त्या आजी झाल्या तेव्हा त्या आजीत मोलकरीणही होती, वारांगनाही होती. आपल्या दोघींना तसे पाहायची संधी आपण अजून घेऊ शकतो. 'माणूस', 'साधना' आणि 'गाईड' हे तिन्ही आज पाहायला मिळतात. माझी कार्यकारिणीला विनंती आहे की याच सभागृहात लागोपाठ तीन रविवारी, याच क्रमाने, ते दाखवावेत. तिकीट नको. चित्रपटानंतर अर्धा तास चर्चा ठेवावी आणि चर्चेची सुरुवात आपल्या घरातल्या सत्तरीच्या पुढच्या बायकांनी करावी. पुरुषांनी त्या दिवशी चहाचे पाहावे. कोरियन मालिका पाहणाऱ्या नातींनी आजीशेजारी बसावे. पडद्याखाली ओळी येणार नाहीत, जे कळणार नाही ते आजी सांगेल.

त्या तीन रविवारांसाठी पडदा आणि यंत्र यांचा खर्च माझ्याकडे लागला, हेही इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.